परत कशावरून याल?

"परत कशावरून याल?" सुनीलने तिसऱ्यांदा विचारले.

"माजी पोरगी हितं हाय. माजी जमीन हितं हाय," निकिता म्हणाली.

"असं रडत न्हाई सांगायचं, वयनी. तोऱ्यात सांगायचं. साहेबाला वाटलं पायजे, बाईचा जीव अडकलाय मातीत."

धाकटा दीर ओट्यावर मांडी ठोकून व्हिसाचा साहेब झाला होता. निकिता समोर उभी होती. चुलीवर भाकरी करपत होती, पण साहेब उठू देईना.

काम युरोपात होते, ब्लूबेरी तोडायचे. जून ते सप्टेंबर, तेवढ्यापुरता व्हिसा. तिसगावच्या बाजारात वाटलेला जाहिरातीचा कागद निकिताच्याच पिशवीतून घरी आला आणि देव्हाऱ्याशेजारी पडून राहिला. सुनीलने तो वाचला आणि त्याच दिवशी बेत ठरला. कापूस वेचण्यात निकिताचा हात धरणारे गावात कोणी नव्हते. सुनीलचा थोरला भाऊ श्रीमंत, म्हणजे तिचा नवरा, वारल्यापासून चार वर्षे ती या घरात राबत होती, आता तिकडे राबेल. जायचंय का, असे तिला कोणी विचारले नाही. सात वर्षांची ज्ञानेश्वरी मात्र इथेच राहणार होती, आजीजवळ.

ही तालीम सुरू होण्याआधी नगरच्या व्हिसा एजंटच्या ऑफिसातल्या पंकजा मॅडमनी फाईल चाळली होती आणि मान हलवली होती. नावावर काहीच नसलेली विधवा बाई परत येईल, हे साहेबाला पटायचे कसे?

"स्टॅम्पावर लिहून दिलं तर?" सासरे काकासाहेब म्हणाले.

"ते लोक ऑनलाईन तपासतात. सातबाऱ्यावर नाव लागतं."

निकिता तेवढे एकदाच बोलली. "आन् नसलं तर?"

"तर फॉर्म भरूच नका."

श्रीमंतच्या वाट्याचे तीन एकर तिच्या नावावर करायचा विषय निघाला, की चार वर्षे काकासाहेबांना नेमकी मोटार चालू करायची आठवण व्हायची. आता त्यांनी स्वतः तिला गाडीवर मागे बसवून रजिस्टर ऑफिसात नेले. बक्षीसपत्र झाले.

"राजीखुशीनं देताय ना? परत मागता येत नाही," तिथल्या साहेबांनी विचारले.

"व्हय व्हय, घ्या अंगठा," काकासाहेब घाईने म्हणाले.

पुढच्या महिन्यात सातबाऱ्यावर नाव चढले. त्याच आठवड्यात सुनीलने जमीन परत करून द्यायचा कागद वकिलाकडून लिहून आणला आणि कपाटात ठेवला.

"व्हिसा आला की इमानात बसायच्या आदी ह्याच्यावर सही," तो म्हणाला. "पोरगी आमच्याजवळ हाय, ध्यानात ठिवा."

गेली तर पोरगी चार महिने परक्यासारखी वाढणार, आणि परत येईल तेव्हा पायाखाली वीतभर जमीन नसणार. नाही म्हणावे, तर राहायचे याच माणसांत. निकिताला खूप भीती वाटली. ती उठून भांडी घासायला गेली.

सासू बनुबाईंनी ट्रंकेतला जुना स्वेटर काढला. "घालून बघ, बाई. तिकडं लई थंडी असती म्हनं."

"ऱ्हाऊ द्या, आत्या. नंतर बगू."

मुलाखतीला सुनील तिला मुंबईला घेऊन गेला. त्याला बाहेरच बसवले. आत मराठी समजावून सांगणारी एक बाई होती. वीस मिनिटांनी निकिता बाहेर आली, तेव्हा पदराने कपाळ पुसत होती.

"काय इचारलं?"

"तुमी शिकवलेलंच."

"रडला न्हाईत ना?"

"न्हाई. तोऱ्यात सांगितलं."

तीन आठवड्यांनी मोबाईलवर निरोप आला. व्हिसा नाकारला होता.

काकासाहेब मटकन ओट्यावर बसले. सुनीलने मॅडमला फोन लावून तोंडाला येईल ते सुनावले, मग कपाटातला तो कागद आणि पेन आणून निकितापुढे आपटले.

"चला, सही करा. आता जमीन उरावर घिऊन काय करायचीय?"

निकिताने हात पुसले. पेन उचलले, टोपण लावले आणि ज्ञानेश्वरीच्या दप्तरात ठेवून दिले. कागदाला तिने हात लावला नाही.

काकासाहेब तिच्याकडे बघतच राहिले. त्यांना रजिस्टर ऑफिसातला तो साहेब आठवला असावा.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "तू आत नेमकं काय बोललीस?"

"समदं पाठ केलेलंच बोलले, मामा. पन शेवटाला त्यांनी एक नवीनच इचारलं. घरात कुनी इचारलं नव्हतं. म्हनले, तुमाला जायचंय का?"

"मग?"

"मी म्हनलं, सातबारा नावावर झालाय, साहेब. आता कशाला जाऊ?"