घरातला सहा नंबर

गॅलरीतला स्टँड रिकामा होता. सायकल नाही, हेल्मेट नाही, आणि सासरेही नाहीत. फोन तेवढा टेबलावर.

सून बाळाला घेऊन तशीच उभी राहिली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासरे याच स्टँडवर जागच्या जागी सायकल मारत होते. त्याला ट्रेनर म्हणतात म्हणे. मागचं चाक त्यात अडकवायचं, बटण फिरवलं की पायडल जड होतं. एकपासून आठपर्यंत आकडे. परवा स्वारी सहावर पोचली आणि घर डोक्यावर घेतलं.

"सहा म्हणजे टेकडीचा चढ! आता सोडा मला बाहेर."

"बाबा, इथे नुसतं चाक फिरतं. बाहेर सगळं अंग ओढून न्यावं लागतं," ती म्हणाली होती. पण ऐकतील तर शपथ!

चढाचं तिला काही नव्हतं. फार तर दमतील. भीती होती ती ब्रेकची. मागचा ब्रेक चाकाला घासून किंचाळायचा, बाळ दचकून उठायचं, म्हणून गेल्या आठवड्यात तिनेच पाना घेऊन तार ढिली केली होती. पुढची तर कधीचीच तुटलेली. घरातली सायकल जाऊन जाऊन जाणार कुठे? सांगायचं राहूनच गेलं. दारातूनच चढ सुरू होतो, तिथे ब्रेक कोण दाबतंय! पण टेकडीपलीकडे सरळ उतार, आणि खाली ट्रकचा रस्ता.

बाळ सासूच्या हातात देऊन ती पळत सुटली.

"अगं, चप्पल तरी घाल!" सासू मागून ओरडली.

पहिल्या वळणावर ते नव्हते. दुसऱ्यावरही नाहीत. उतारावर गेले वाटतं. नको रे देवा, आत्ताच नको.

माथ्यावर ते दिसले. तोंड लालबुंद, शर्ट घामाने चिकटलेला. एक पाय जमिनीवर, दुसरा पायडलवर, बसतच होते. तिने झेप घेऊन दोन्ही हातांनी कॅरिअर धरलं.

"सोड गं! चढावर दमलो, कबूल. आता उतारच आहे. पायसुद्धा हलवायला नकोत."

तिने कॅरिअर सोडलं नाही. धाप लागली होती.

ते खजील झाले. "ऐक ना, अर्ध्यातून ढकलत आणली मी. घरी सांगू नकोस. कसला सहा नंबर! इथे दोनचीही ताकद नाही अंगात."

'नाही सांगत, चला घरी,' म्हटलं असतं तर विषय मिटला असता. संध्याकाळी गुपचूप तार आवळली असती, कुणाला पत्ता लागला नसता. तिच्या मनात ते येऊन गेलं, खोटं कशाला बोला.

"बाबा, ब्रेक दाबा."

त्यांनी दाबला. ब्रेकची दांडी सरळ मुठीला जाऊन टेकली. दुसरा दाबला, तोही तसाच.

"मागचा मीच ढिला केला होता. बाळ उठायचं म्हणून," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

सासरे सायकलवरून उतरले. खाली ट्रकमागून ट्रक जात होते. त्यांनी तिकडे पाहिलं. रागावले नाहीत.

"आणि मी," ते म्हणाले, "मघापासून त्या चढाला शिव्या घालतोय."