डब्याचं झाकण

“हे ताट आहे का भूमितीचा पेपर?” आईने विचारलं.

ताटाचा अर्धा भाग भाज्यांनी व्यापला होता. उरलेल्या अर्ध्यात एकीकडे दोन उकडलेली अंडी आणि दुसरीकडे पावाचा काप, त्यावर चमचाभर लोणी. सगळं मापून वाढलेलं. मुलगी इस्पितळात आहारतज्ज्ञ होती. खुब्याच्या ऑपरेशननंतर आईच्या पायांत पुन्हा बळ आणायचं, हे तिने स्वतःच्या अंगावर घेतलं होतं.

“अंडी आधी, पाव शेवटी,” ती म्हणाली. “स्नायू प्रथिनांनी भरून येतात. आधी पाव खाल्लास तर पोट त्यानेच भरतं.”

“मग भरू दे की. पोट कशासाठी असतं?” आईने उभा जन्म एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये काढला होता. “आमच्याकडे पाव आधी. उपाशी माणूस रांगेत भांडत बसतो. हातात पाव पडला की कसा गुमान उभा राहतो.”

“इथे रांग नाहीये, आई.”

“उभं राहणंही नाहीये. मला उभं राहता येत असतं तर तुझं ऐकून घेतलं असतं होय?”

मुलीला हसू आलं. तिने ते दाबलं. ती हसली की आई जिंकायची. पाव बंद केलेला नाही, तिने परत समजावलं. पिष्ट पदार्थ हवेतच, नाहीतर शरीर ताकदीसाठी प्रथिनंच जाळत सुटतं. लोणीही हवं. फक्त तिन्हींचा तोल हवा. आईने ऐकता ऐकता मोठी जांभई दिली.

“कळलं गं बाई. जा, आंघोळ कर. मी खाते आणि तुझ्या डब्याचं झाकण लावते.”

हे झाकण लावायचं काम आईने मागून घेतलं होतं. वॉकर धरून ओट्यापर्यंत जायचं, डबा बंद करायचा, पिशवीत ठेवायचा. तेवढाच पायांना व्यायाम, म्हणून मुलीनेही हो म्हटलं होतं.

ती न्हाऊन आली तेव्हा ताट लख्ख होतं.

“शाबास!”

“नुसतं शाबास नको. उद्या पाव आधी.”

“बघू,” मुलगी म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

दुपारी आई खुर्चीत बसल्या बसल्याच गेली. हृदय बंद पडलं. खाण्यापिण्याचा काही संबंध नाही, डॉक्टरांनी सांगितलं. मुलीने पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा हळू आवाजात.

तरी एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. ताटं रोज रिकामी होत होती, मग आईचं वजन का वाढलं नव्हतं? काटा हलत नाही म्हणून तिने प्रथिनं वाढवली होती. तरी आईचे दंड तसेच राहिले, काठीसारखे. उलट तिचा स्वतःचाच पांढरा कोट पोटावर ताणायला लागला होता. त्याचं खापर तिने बैठ्या कामावर फोडलं होतं. “जरा अंगाने भरलीस. बरी दिसतेस,” आई म्हणाली होती, तेव्हा ती चिडलीही होती.

रजा संपली. ती कामावर गेली. वॉर्डमध्ये नव्या मदतनिसांना तिने नेहमीचा धडा दिला.

“रिकामं ताट बघून ‘जेवण झालं’ असं लिहायचं नाही. पेशंट खात असताना तिथे उभं राहायचं. पुष्कळदा ताटातलं दुसऱ्याच कुणाच्या तरी पोटात गेलेलं असतं.”

मग ती आपल्या खोलीत येऊन जेवायला बसली. समोर वॉर्डची सिस्टर होती. दोघी रोज एकाच टेबलावर डबा खायच्या. मुलीच्या एका हातात पेशंटचे रिपोर्ट होते. दुसरा हात नेहमीसारखा न बघता डब्यात जात होता. थोड्याच वेळात बोटं तळाला लागली.

“एवढाच डबा, मॅडम?” सिस्टरने विचारलं.

“रोजचाच आहे.”

“रोजचा कुठला? रोज तीन अंडी असतात. तुमच्या रजेआधी तर एकदा माशाचे तुकडे झाकणाला टेकले होते. आम्ही तुमच्या माघारी हसायचो, खोटं कशाला सांगू. मॅडम पेशंटना मोजून खायला लावतात आणि स्वतः पैलवानाचा डबा आणतात.”

“मी एकच अंडं भरते,” मुलगी म्हणाली. “पहिल्यापासून एकच.”

सिस्टरने हातातला घास खाली ठेवला. ती म्हणाली, “पाव मात्र कधी जास्त नसायचा.”

मुलीने रिपोर्ट बाजूला ठेवले.

पोटात काहीतरी आत ओढल्यासारखं होत होतं. आई गेल्यापासून जेवण झाल्यावरही हे रोज व्हायचं. ती त्याला दुःख समजत होती. दुसरं काही असेल, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. येणार तरी कसं? कॅन्टीनवाल्या बाईची ती मुलगी. शाळेतून आली की दप्तर उतरायच्या आधी ताट समोर यायचं. आजारात यायचं, भांडणात यायचं, परीक्षेच्या आदल्या दिवशी न मागता दोनदा यायचं. जी गोष्ट सगळी मुलं दिवसातून दहादा बोलतात, ती बोलायची वेळ तिच्यावर आईने कधी येऊच दिली नव्हती.

“आई,” सिस्टरसमोरच ती मोठ्याने म्हणाली, “मला भूक लागलीय.”