उन्हात घातलेला गहू

गव्हात सोंडकिडे झाले म्हणून धाकटीने पोतं गच्चीवर उन्हात पसरलं. शेजारी दादा येऊन बसला. तो बऱ्याच वर्षांनी परतला होता. आईला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. धाकटीच्या मनात मात्र पहिल्या दिवसापासून पाल चुकचुकत होती. चेहरा तोच, आवाज तोच, पण लाकडी जिना सगळ्यांच्या पावलांखाली करकरायचा, त्याच्या पावलांखाली नाही.

ऊन तापलं तसे किडे दाण्यांतून बाहेर पडू लागले. एरवी ते भिंतीच्या सावलीकडे पळायचे. आज त्यांची काळी रांग भर उन्हातून थेट दादाच्या हाताकडे निघाली आणि एकामागून एक त्याच्या बाहीत शिरू लागली.

"अरे दादा, झटक ना!"

"असू दे गं," तो म्हणाला. हात त्याने हलवलासुद्धा नाही.

शेवटचा किडाही आत गेला, तसं तिला राहवेना. तिने त्याचं मनगट धरलं, ते पोखरलेल्या दाण्यासारखं हलकं लागलं, आणि बाही खांद्यापर्यंत वर सारली. हातावर एकही किडा नव्हता.

"कुठे गेले सगळे?" तिने विचारलं.

दादाने बाही नीट खाली ओढली, बटण लावलं.

"घरी," तो म्हणाला.