शिरूरात न दिसलेली जाहिरात

"सर, तुमी दुजाभाव केला. मनिषाला एक शिकवलं आन मला एक."

मोहिनी खुर्चीवर बसलीसुद्धा नाही. प्रशिक्षणाच्या खोलीत चार बाया वह्या काढून बसल्या होत्या, त्यांच्यासमोरच तिनं तोंड उघडलं. धंद्याची जाहिरात मोबाइलवर कशी चालवायची, हे सरांनी शिरूर कासारच्या पंधरा बायांना आठवडाभर शिकवलं होतं. त्यात केक करणाऱ्या दोनच. मोहिनी आणि मनिषा.

मोहिनीनं सगळं वहीबरहुकूम केलं होतं. तीन मजली केक. त्यावर सोनेरी चमकी. गोल फिरणारी थाळी, मागं गाणं, खाली मोठ्या अक्षरात 'शिरूरमध्ये प्रथमच'. जाहिरात कुठं दिसावी त्या नकाशात स्वतःच्या दुकानावर पिन टोचली आणि भोवती दहा किलोमीटरचं रिंगण ओढलं. महिन्याभरात चार फोन आले. एक चुकून लागलेला. एकाला केक नको होता, नुसतंच बोलायचं होतं.

मनिषा मात्र रोज डबे घेऊन स्कुटीवर निघायची. दोन वर्षांमागं ऊस तोडत होती ही बाई. हातावरचे पाचटाचे ओरखडे अजून गेले नव्हते, आणि त्या हातांनी ती केक विकत होती. तिच्या स्कुटीचा आवाज मोहिनीला दोन गल्ल्यांवरून ओळखू यायचा. तो आला की क्रीमचं फूल वाकडं पडायचं.

दुकान म्हणजे घरातली पुढची खोली. नवऱ्यानं संक्रांतीपर्यंत मुदत दिली होती. तोवर धंदा उभा राहिला नाही, तर खोली भाड्यानं जाणार. संक्रांत सहा दिवसांवर आली होती. आणि गल्लीत बोलणं असं होतं, की ती खोली मनिषाच बघतेय.

म्हणून मोहिनीनं मनिषाची जाहिरात शोधायला घेतली. स्वतःच्या मोबाइलवर, नवऱ्याच्या, शेजारणीच्या. खोट्या नावाचं खातं काढूनही शोधली. महिना झाला, शिरूरात एकाही माणसाला ती जाहिरात दिसली नव्हती.

"जी जाहिरात गावात कुणाला दिसत न्हाई, तिच्यावर गिऱ्हाईक कसं येतं, सर? आन गिऱ्हाईक तरी कोण? वस्त्यांवर जाती ती. तितं ह्या दिवसांत म्हातारी माणसं, लेकरं आन शेळ्या. शेळ्या केक मागवत्यात का?"

बाया हसल्या. सर हसले नाहीत. दोघींना एकच शिकवलं, असं ते म्हणाले. गिऱ्हाईक असेल तिथं पिन टोचायची. त्यापुढचं मनिषालाच विचारा.

मनिषाला विचारण्यापेक्षा खोली गेलेली परवडली, असं म्हणत मोहिनी घरी आली.

दारात स्कुटी उभी होती. ओट्यावर मनिषा बसलेली.

"संक्रांतीपर्यंत खोली माझी हाय," मोहिनी म्हणाली. "मापं घ्यायला लई लवकर आलीस."

मनिषानं मांडीवरचा डबा दाखवला. खोलीसाठी आलेच नाही म्हणाली, ऑर्डर पोचवायला आलेय. तिच्या शेजारी ईश्वरी नवा फ्रॉक घालून पाय हलवत बसली होती. ईश्वरी म्हणजे मोहिनीच्या नणंदेची पोरगी. नणंद शिवकन्या नवऱ्याबरोबर कोल्हापूरकडं ऊस तोडायला गेलेली. पोरीची शाळा बुडू नये म्हणून तिला मामाच्या घरी ठेवलेलं.

केकवालीच्या दारात दुसरीचा केक. मोहिनीच्या कानशिलातून वाफ निघाली. ती काही बोलायच्या आत मनिषानं मोबाइल तिच्यापुढं धरला. व्हिडिओ कॉलवर शिवकन्या होती. साडीवर नवऱ्याचा शर्ट, डोक्याला फडकं, मागं उसाच्या मोळ्या.

बरं हाय का, एवढंही न विचारता मोहिनीनं तिला झापलं. घरात केक करणारी भावजय असताना परकीला ऑर्डर कावून दिली? गावानं काय म्हणायचं?

शिवकन्येनं सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं, की इकडं उसाच्या फडात तोडणीच्या टोळीतल्या सगळ्या बायांच्या मोबाइलवर मनिषाची जाहिरात येते. तिच्यात केक धड दिसतसुद्धा नाही. एक म्हातारी नातवाला घास भरवते, आणि मनिषा म्हणते, तुमी तिकडं, लेकरू हिकडं, तारीख सांगा, मी जाते. केक कापताना फोन लावून दाखवीन. ती बघून परवा चार बाया मोळी टाकून रडत बसल्या, तेव्हा मुकादम वरडला.

मनिषानं पिन शिरूरवर टोचलीच नव्हती. दिवाळी सरली की जिथं अर्धा तालुका कोयते घेऊन जातो, जिथं तिनं स्वतः सहा हंगाम काढले, त्या साखर कारखान्यांवर टोचली होती.

मोहिनीच्या मनात खोलीचं, गल्लीचं, स्कुटीचं सगळं एकदम वर आलं.

"मला नुसता फोन केला असता, तर फुकट केला असता मी."

"केलता, वहिनी. दोनदा केलता. दोन्ही येळेला तुमी मनिषाचंच सांगत बसल्या. मला बोलूच दिलं न्हाई, आन ठिवला."

पलीकडं ट्रॅक्टर सुरू झाला. कुणीतरी शिवकन्येला हाक मारली. ती जागची हलली नाही. इकडं डबा अजून बंद होता. आकड्याची मेणबत्ती आत होती. ईश्वरीनं पाय हलवायचे थांबवले आणि मामीच्या तोंडाकडं बघायला लागली.

"बरं, ते जाऊ द्या," शिवकन्या म्हणाली. "दिवाळीपासून पोरगी तुमच्या घरात हाय. एकच सांगा, वहिनी. आज किती वर्षांची झाली ती?"