दादाचं नाक

धाकट्याने पिशवीतून स्वतःच्या हातच्या मद्याची बाटली काढून ओट्यावर ठेवली, तेव्हा वहिनीने ती उचलून उजेडाकडे धरली. दादाला घोटभर चालेल का, असं त्याने विचारलं. आता काय चालायचं राहिलंय, असं म्हणत तिने फडताळातून निमुळत्या तोंडाचा छोटा पेला काढला आणि त्याला तोंडावर पाणी मारून यायला सांगितलं.

तो किती वर्षांनी या घरात आला होता, हा विषय दोघांनीही काढला नाही.

घराला लागूनच भट्टी होती. आजोबांनी सुरू केलेलं कडू संत्र्याच्या सालीचं मद्य अजून तिथेच गाळलं जायचं. साल सावलीत वाळवायची, स्पिरिटमध्ये मुरवायची, तांब्याच्या भांड्यातून उतरवायची. पहिली धार टाकून द्यायची, मधली तेवढी ठेवायची आणि लाकडी पिंपात भरून तिला विसरून जायचं. कुठलं पिंप तयार झालं, कशात काय मिसळायचं, ते शेवटी नाक ठरवायचं. आजोबांनंतर ते नाक दादाकडे आलं. दादाने होकार दिल्याशिवाय भट्टीतून एक बाटली बाहेर पडत नसे. फार खूश झाला तर तो एवढंच म्हणायचा, "जमलंय."

धाकट्याला आयुष्यात तो एक शब्द हवा होता.

भट्टीच्या खोलीत आग लागली, तेव्हा आत तोच अडकला होता. बाहेर सगळे आरडाओरडा करत राहिले. दादा ओलं पोतं डोक्यावर घेऊन आत शिरला आणि त्याला फरफटत घेऊन आला. दोघेही पुढे कितीतरी दिवस खोकत होते. आई म्हणायची, माझी दोन्ही पोरं त्या दिवशी दुसऱ्यांदा जन्माला आली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात धाकट्याने स्वतःचं पहिलं पिंप उघडलं. साल त्याने एकट्याने निवडली होती, मधली धार स्वतः धरली होती. भट्टीवरची सगळी माणसं गोळा झाली. दादाने पेला नाकाशी नेला, घोट घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि पेला खाली ठेवला.

"गोड लागतंय. जळतंय," तो म्हणाला. "बाकी काहीच नाही यात."

मागे कोणीतरी हसलं. धाकट्याने पुन्हा एकदा वास घेऊन बघ म्हणून विनवलं, तर दादा त्याच्याकडे न बघताच बाहेर निघून गेला.

त्याच संध्याकाळी धाकट्याने घर सोडलं. दूरच्या एका मोठ्या भट्टीत त्याने पिंपं धुण्यापासून सुरुवात केली आणि मिश्रणाच्या खोलीपर्यंत पोचला. दादाने दोनदा माणूस पाठवला, त्याने दोन्ही वेळा परत पाठवला. आई गेल्याचा वहिनीचा फोन आला, तेव्हा त्याने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. गेला नाही. त्या दिवशी तो पिंपांच्या खोलीत आतून कडी लावून बसला होता, हे त्याने पुढे बायकोलाही सांगितलं नाही.

आता तोंड पुसून तो आतल्या खोलीत गेला, तेव्हा वहिनी दादाच्या कानाशी वाकून त्याची उशी सारखी करत होती. दादाचा पार सांगाडा झाला होता. तिने पेला त्याच्या ओठाला लावला. दादाने डोळे मिटले.

"आधी साल येते," तो थांबत थांबत म्हणाला. "मग मध. आणि सगळ्यात शेवटी जुनं लाकूड." त्याने धाकट्याचा हात चाचपडत शोधला. "जमलंय रे."

धाकटा त्याच्या पायांवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला.

आठवडाही गेला नाही आणि दादा गेला.

माणसं पांगल्यावर भट्टीवरचा जुना कारागीर दारात आला. एक पिंप तयार असावं, पण आता होकार कोणी द्यायचा, असं विचारत तो घुटमळला. धाकटा त्याच्याबरोबर गेला, पिंपाशी वाकला, मान डोलावली. कारागीर गेल्यावर तो तिथेच उभा राहिला. वहिनी त्याला जेवायला बोलवायला आली होती.

"एवढं नाक, वहिनी," तो म्हणाला. "शेवटच्या घोटातसुद्धा त्याने लाकूड ओळखलं. मग माझ्या पहिल्या पिंपात त्याला काहीच कसं सापडलं नाही? चांगलं होतं ते."

वहिनीने दार लोटून घेतलं.

"भट्टी बुडेल म्हणून त्यांनी मला शपथ घातली होती," ती म्हणाली. "आता कसली शपथ. तुम्हाला आगीतून काढलं ना, त्या धुराने त्यांचं नाक गेलं ते गेलंच. तेव्हापासून वास मी घ्यायची आणि त्यांच्या कानात सांगायची. परवाचंही मीच सांगितलं."

धाकटा पिंपापासून वळून तिच्यासमोर आला.

"मग माझ्या पिंपाचं तेवढं का नाही सांगितलंत?"

"त्या दिवशी मी माहेरी होते, भावजी."