डाव्या टोकाची लेझीम

मैदानावर एका ओळीत पस्तीस मुलं, पस्तीस लेझीम आणि उजव्या टोकाला एक ढोल होता. ठेक्यावर चौतीस लेझीम एकदम वाजत. डाव्या टोकाची सुगंधा दरवेळी जराशी मागे पडायची.

“हिचा ढोल पलीकडच्या गावात वाजतो वाटतं! परवा सव्वीस जानेवारी. काढा हिला,” मुख्याध्यापक म्हणाले. सुगंधाने लेझीम पोटाशी धरली.

नव्या बाईंना कोडं पडलं. उशीर दरवेळी सारखाच कसा? त्या तिच्याशेजारी उभ्या राहिल्या. बाकीची मुलं ढोलाच्या काठीकडे बघून वाजवत होती. सुगंधा डोळे मिटून.

“मिटतेस कशाला गं?”

“ढोल नीट ऐकू येतो, बाई.”

बाईंनी पावलं मोजली. ढोलापासून सुगंधापर्यंत चौतीस मीटर. तेवढं अंतर कापायला आवाजाला सेकंदाचा दहावा भाग लागतो.

त्यांनी तिला ढोलाशेजारी उभं केलं. “हं, मीट डोळे.”

बत्तीस ठेके झाले. उशीर शून्य.