शून्याचा श्वास

"वजा नऊ!" सहकारी इर्शाद म्हणाला. "मृण्मयी, पोटभर मिसळ खाऊन आलोय, आणि तुझा सेन्सर म्हणतो माझ्या श्वासात शून्याहून कमी अ‍ॅसिटोन. असं असतं का कुठे?"

सेन्सर मोहरीएवढा, प्रकाशतंतूच्या टोकावर बसवलेला. लेझरने श्वासातला वायू तापतो, थरथरतो, आणि ती थरथर एक पातळ पडदा ऐकतो. उपाशी माणसाच्या श्वासात अ‍ॅसिटोन वाढतं. अब्जात एक रेणू असला तरी तो ऐकू येतो, हे प्रयोगशाळाप्रमुख मृण्मयी उद्या परीक्षकांना दाखवणार होती. तीन महिन्यांत तिने तीन पडदे बदलले होते. तरी सगळे आकडे वजाच.

"शून्य कोणाच्या श्वासावर ठरवतेस?"

"घागकाकांच्या. सकाळी सगळ्यांत आधी तेच येतात."

प्रयोगशाळेतले मदतनीस घागकाका शेजारीच काचनळ्या पुसत होते.

"काका, सकाळी खाऊन येता ना?"

"कुठलं, मॅडम! ही गेल्यापासून घरी काही शिजत नाही. दुपारी इथल्या कॅन्टीनला जेवतो, तेवढंच."

म्हणजे पडदा नीट ऐकत होता. उपाशी माणसाला शून्य धरून ती बाकीच्यांना मोजत होती.

"काकू गेल्या? कधी?"

"जूनमध्ये. माझ्या रजेवर तुम्हीच सही केलीत की."

तिला सही आठवली. अर्जावरचं कारण आठवेना.

काकांनी सवयीने सेन्सरची नळी तोंडाशी नेली. "पुन्हा फुंकू का, मॅडम?"

तिला मान वर करता येईना.